निरंक

तंबू लागायचा आंजर्ल्याच्या वाटेवर, कापलेल्या शेतात,
मजीद हमदुलेचा, ठिगळाठिगळांचा.
खाडीकडून वारा सुटला की पडदा फुगायचा
आणि नटाचं पोट सुटल्यासारखं दिसायचं.
तिथे मी त्याला पहिल्यांदा बघितला,
डाव्या भुवईत चीर असलेला.
कचेरीत शिरतो, साहेब मान वर करत नाही,
तो टेबल उलटतो.
दौत, फायली, पितळी घंटी, सगळं हवेत.
तेवढं रीळ आम्ही मजीदला तीनदा लावायला लावलं.
हरेश्वर चोगलेने खिशातली चिल्लर उधळली
आणि तिसऱ्या दिवशी बंदरावरच्या साहेबाची खुर्ची
समुद्रात टाकली.
खरीखुरी. चौघांनी धरून.
तेरा दिवस दापोलीला आत होता.
खुर्ची भरतीने परत आणून दिली,
चारी पाय शाबूत.
बदली होईपर्यंत साहेब तिच्यातच बसला.

मी शिट्टी मारली होती. माझं तेवढंच.
पुढच्या वर्षी मामाने मला सोसायटीत चिकटवलं,
खिडकीच्या आतल्या बाजूला.
डिझेलची टोकनं, बोटींची आवक, नोंदवही.
एकतीस वर्षं.

दुसरा बघितला यंदा, बंदीच्या दिवसांत,
होड्या वर ओढलेल्या, झापांखाली,
हरेश्वरच्या मागे राहिलेल्या द्वारकीच्या पडवीत,
नातवाचा मोबाइल तांब्याला टेकवून.
तोच नट.
आता पोट खरंच सुटलंय, वाऱ्याची गरज नाही.
चीर आहे, भुवई पांढरी.
आणि बसलाय टेबलाच्या आतल्या बाजूला. कारकून.
पहिला अर्धा तास काहीच करत नाही.
टेबल पुसतो, पेन्सिलीला टोक काढतो,
लोकांना उद्या या म्हणतो,
अगदी माझ्या आवाजात.
नातू म्हणाला, आजी, फायटिंग कधी?
मग त्याच्यापुढे कागद येतो एका पुलाचा.
पूल झालेला नाही. झाला असं लिहायचंय.
तो त्या ओळीवर बोट ठेवतो,
आणि नेटवर्क गेलं.
बोट तिथेच. वर एक चकती गरगरत.
नातू माडावर चढायचाच काय तो बाकी होता.

मी म्हटलं, पहिला बरा होता,
निदान टेबल तरी उलटलं त्याने.
द्वारकी सुकट निवडत होती.
"उलटलं. आणि पुसलं कुणी?"
मला कळेना.
"शाई सांडली ना फरशीभर? कोपऱ्यात बाई होती एक,
फडकं घेऊन, पाठमोरी.
तुम्ही शिट्ट्या मारत होतात.
तीनदा लावलंत, तीनदा वाकली ती."
मी म्हटलं, पण हरेश्वर आत गेला, ते काय कमी?
"कमी नाय," ती म्हणाली.
बराच वेळ काही बोलली नाही.
"तेरा दिवस डबा मी नेला. एस्टीने.
पोर पोटात होतं."
मग म्हणे, ह्या म्हाताऱ्याने निदान
आपलं टेबल आपण पुसलं.
पण सही केली की नाही त्याने, मी म्हटलं,
ते कुठे बघितलं आपण?
तिने सुकटीतला खडा काढून अंगणात टाकला.

ऑगस्टच्या चौथ्या रात्री सुवर्णदुर्गामागे
समुद्र ट्यूबलाइटसारखा पांढरा.
म्हाकूल उजेडाला येतं, लहानमोठं सगळंच येतं,
आणि आपल्या लोकांच्या जाळ्यात
सकाळी शेवाळ आणि जेली.
वहीत सातवा रकाना आहे:
प्रखर दिव्यांच्या नौका, संख्या.
तिथे मी गेली आठ वर्षं लिहितो, निरंक.
अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

सकाळी तीन लिहिलं.
म्हणजे आधी सवयीने 'नि' लिहिला,
मग खोडला, मग तीन.
खाडाखोडीवर शिक्का लागतो, नियम आहे,
म्हणून शिक्का मारला.
पॅड नवं होतं, काठोकाठ ओलं,
घाईत कलंडलं.
जांभळी शाई टेबलभर, टोकनांपर्यंत.
बाहेर चेअरमनची गाडी लागली
तेव्हा मी फडकं शोधत होतो.